नापास गोळ्यांच्या आपा

आपांच्या मैदानावर आधी गोळ्या नापास व्हायच्या, माणसं नंतर.

सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला, सोसायट्या संपून शेतं सुरू होतात तिथे, त्यांचं पेंटबॉलचं मैदान होतं. शनिवार-रविवारी कंपन्यांतली मुलंमुली गाड्या भरून यायची, तोंडावर मुखवटे चढवायची आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायची. इतर ठिकाणी गोळ्यांची पिशवी फोडतात आणि सरळ ओततात. इथे पत्र्याच्या शेडखाली आपा बसलेल्या असत आणि त्यांच्या पुढ्यात एक काच जराशी तिरकी लावलेली असे. पिशवीतली एकेक गोळी त्या काचेवरून सोडत. सरळ घरंगळत खाली आली तर पास. मध्येच वळली किंवा डुगडुगली की उचलून बादलीत. ताटकळलेली मुलं कुरकुरत, "मॅडम, लेट होतंय, डाल दो ना डायरेक्ट." आपा मान वर न करता म्हणत, "वाकडी गोळी सरळ मारण्याइतके तयार आहात का आपण? असाल तर घेऊन जा बादली." बादली कुणी नेल्याचं मला आठवत नाही.

आपा निवृत्त झाल्या होत्या खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून. तपासणी विभागात सगळी हयात काडतुसं बघण्यात गेली. घराणं पुण्यातलंच, किती पिढ्या ते त्यांनाही सांगता येत नसे; आजोबा लष्करातल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे एवढं त्या सांगत. घरात दख्खनी आणि बाहेर मराठी, आणि ती मराठी अशी की ऐकणाऱ्याने आपले 'ण' आणि 'न' आधी तपासून घ्यावेत. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी भीत भीत विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "तपासणीत कुणी टिकलं नाही." मैदान काढलं होतं भाच्याने. त्याला दुबईत नोकरी लागली तेव्हा मुखवटे, मार्कर आणि भाडेकरार असं सगळं खालाच्या गळ्यात घालून तो विमानात बसला. दोन दिवसांत बंद करतील असं नातेवाइकांना वाटलं होतं. आपांनी काच मागवली.

मार्कर म्हणजे ज्यातून या गोळ्या सुटतात ते हत्यार. मी पहिल्यांदा त्याला बंदूक म्हणालो तेव्हा त्यांनी मला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. "बंदुका मी बघितल्यात, भोसेकर. हे खेळणं आहे. पण खेळणं म्हणून वाटेल तसं धरायचं नाही."

आमची ओळख झाली ती माझ्या दुकानात. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. अँप्लिफायर, इन्व्हर्टर, रिमोट, आणि गणपतीच्या आधी मंडळांच्या रोषणाईचे कंट्रोलर. त्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशनं झाली, डॉक्टरांनी त्यांच्या परीने काही कमी केलं नाही, पण उजेड काही परत आला नाही. "दुसरा डोळा ठणठणीत आहे ना, मग काय काळजी," असं जो भेटेल तो सांगायचा. एका डोळ्याने जग सपाट होतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. चहा कपाच्या बाहेर पडायचा, किल्ली कुलपाच्या शेजारी टेकायची. माझी बायको सुनीता काही न बोलता कप बशीसकट पुढे सरकवायची आणि मी हसून वेळ मारून न्यायचो.

सोल्डरिंगला हसून चालत नाही. तापलेलं टोक, तार आणि सर्किटवरचा मोहरीएवढा ठिपका हे तिन्ही एका जागी भेटावे लागतात. मला वाटायचं टेकलं, आणि टोक वर हवेतच असायचं. जरा खाली न्यावं तर शेजारचा पार्ट जळायचा. मी आलेलं काम परत पाठवायला लागलो. गिऱ्हाइकाला सांगायचो, पार्ट मिळत नाही. फळ्या रिकाम्या होत गेल्या. शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा गृहस्थ, माणूस चांगला, त्याने एक दिवस हळूच विचारलं, काका, दुकान भाड्याने देता का, गणपतीच्या आधी सांगा म्हणजे मला माल भरता येईल. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण माझ्या हातातून ते काम काढून घेतलं तर मागे उरतो तो सकाळी पेपर वाचून दुपारी पुन्हा तोच पेपर वाचणारा माणूस, हे मला स्वच्छ दिसत होतं. ते दिसायला एक डोळा पुरेसा होता.

अशात उन्हाळ्याच्या तोंडाला आपा आल्या. कापडी पिशवीतून मार्कर काढून काउंटरवर ठेवला. आत छोटं सर्किट होतं, चाप ओढला की काही होत नव्हतं. नाही म्हणायला माझी जीभ उचललीच होती, पण त्या स्टूल ओढून समोर बसल्या होत्या. "बसते मी. करा." मी केलं, म्हणजे करायला घेतलं. सोल्डरचा थेंब ठिपक्याच्या पलीकडे पडला. दुसरा अलीकडे. तिसऱ्या वेळेला प्लास्टिक जळल्याचा वास आला. आपा बघत होत्या, पण सर्किटकडे नाही, माझ्याकडे.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डोळा."

मी सांगितलं. त्यांनी चक् चक् केलं नाही, अरेरे म्हणाल्या नाहीत, त्यांच्या कुठल्या काकांचा किस्साही सांगितला नाही. फक्त विचारलं, "डाव्या डोळ्याला आजवर कधी एकट्याने काम दिलंत का?" मी म्हणालो, नाही. "मग तो नवीन भरती आहे. त्याला शिकवावं लागेल. रविवारी सकाळी मैदानावर या." मी म्हणालो, आपा, माझं आता खेळायचं वय आहे का? त्या पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "खेळायला कोण बोलावतंय?"

जळका मार्कर माझ्याकडेच ठेवून त्या गेल्या. सुनीताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जा की. घरी बसून तरी काय नेम लागतोय." आमच्या घरात प्रोत्साहन असंच मिळतं.

मैदानावर आपांचा पहिला नियम असा की शिकणाऱ्याने मार्करवरचा गोळ्यांचा डबा काढून ठेवायचा. एका वेळी एकच गोळी, तीही हाताने भरायची. तरुण मुलांना हे फार जड जायचं. चाप दाबून धरायचा आणि गोळ्यांचा सडा पाडायचा याचीच त्यांना हौस. "पाऊस पाडायला जून महिना आहे," आपा म्हणायच्या, "तुम्ही कशाला तसदी घेता?" एक गोळी मारली की त्या विचारायच्या, कुठे पडली? बाजूला, असं उत्तर चालत नसे. बाजूला म्हणजे कोणत्या बाजूला, किती, वर का खाली, हे सांगितल्याशिवाय दुसरी गोळी हातात मिळायची नाही. समोर झाडाला टांगलेला पत्र्याचा डबा होता आणि मागे चुन्याने रंगवलेली भिंत, त्यामुळे चुकलेली प्रत्येक गोळी ठिपका ठेवूनच जायची. "पहिली गोळी विचारायला मारायची आणि दुसरी सांगायला," हे त्यांचं आवडतं वाक्य. पहिली चुकल्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. दुसरीही तिथेच पडली तर मात्र ऐकून घ्यावं लागे.

दुसरा नियम डाव्या खांद्याचा. या खेळात आडोशाच्या डाव्या कडेने डोकावून उजव्या हाताने मारायला गेलं की अर्धं अंग बाहेर येतं आणि समोरचा रंगवून काढतो. म्हणून प्रत्येकाने मार्कर डाव्या खांद्यालाही लावायला शिकायचं, डावा डोळा नेमावर ठेवायचा. रविवारी सकाळी बारा देशांशी बोलणारी ती हुशार मुलं ओळीने डाव्या हाताशी झगडत असायची आणि त्यांच्यात मी. त्या ओळीत मी आंधळा नव्हतो, नवशिका होतो. कितीतरी महिन्यांनी मला चारचौघांत बरं वाटलं. आपांनी मला कुणासमोर वेगळं काढलं नाही, सवलत तर दिलीच नाही. माझ्या गोळ्या डब्याच्या कधी अलीकडे जमिनीवर, कधी पार डोक्यावरून. "भोसेकर, झाडाने काय केलंय तुमचं?" एवढंच.

एक प्रकार मात्र सांगायलाच हवा. पावसाळा नुकताच लागला होता. खेळ संपल्यावर गवतात कितीतरी न फुटलेल्या गोळ्या पडलेल्या दिसल्या. आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला न फुटलेली वस्तू टाकून देता येत नाही. मी त्या सगळ्या वेचल्या, नळाखाली स्वच्छ धुतल्या, सुनीताने डबा बांधून दिला होता त्या नॅपकिनवर पसरून वाळवल्या आणि मोठ्या अभिमानाने आपांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. गोळीचं कवच औषधाच्या कॅप्सूलसारखं असतं, पाण्याने ते मऊ पडून फुगतं, हे मला कुठे ठाऊक. आपा त्या गोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोरं आहेत का?" त्यांनी त्यातली एक मला मुद्दाम भरायला लावली. ती नळीतच फुटली आणि आतून केशरी रंगाचा चिखल बाहेर आला. ती नळी पुसत मी अर्धा तास बसलो होतो आणि शेडमधली सगळी मुलं मला 'बोरवाले काका' म्हणायला लागली होती. आपांनी जाताना नॅपकिन मागून घेतला आणि पुढच्या रविवारी धुऊन, इस्त्री करून परत दिला.

माझा नेम सुधारला तो एका वाईट सवयीमुळे. आडोशाच्या लाकडी ड्रममागून डोकावताना मी मान सारखी इकडून तिकडे हलवायचो, जास्त दिसावं म्हणून. असं करता करता एकदा लक्षात आलं की जवळचा बांबू डब्यासमोरून भराभर सरकतोय आणि मागचं झाड जवळजवळ जागेवरच आहे. गाडीतून जाताना रस्त्याकडेचे खांब पळतात आणि डोंगर तिथेच राहतो, तसं. म्हणजे मान हलवली की काय जवळ आणि काय लांब ते मला कळत होतं! मी मान हलवली, अंदाज घेतला, मारली. डबा ठण्णकन वाजला. इतरांना "मान स्थिर" म्हणून ओरडणाऱ्या आपा माझ्या मागेच उभ्या होत्या. आता बोलणी बसणार म्हणून मी वळलो, तर त्या म्हणाल्या, "हलवा. पण चाप ओढताना थांबा." एवढं बोलून त्या दुसऱ्याकडे गेल्या. मी मुखवट्याच्या आत रडत होतो की घाम होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या पावसाळ्यात आपांचे मार्कर फार बिघडायचे. आठवडा-दहा दिवसांत त्या कापडी पिशवी घेऊन बसने बुधवारात यायच्या आणि स्टुलावर बसायच्या. सुरुवातीला बॅटरीच्या जाड तारा तुटलेल्या असत. मी मान हलवून अंदाज घ्यायचो, टोक आधी मोकळ्या जागेवर हलकेच टेकवायचो आणि मग सरकवत ठिपक्यापर्यंत न्यायचो. पहिला जोड बहुतेक वेळा फसायचा. मी तो का फसला ते आपांना मोठ्याने सांगायचो, त्यांना सवयच होती तशी, आणि मग दुसरा घालायचो. पुढे चापाच्या तारा तुटायला लागल्या, त्या जरा बारीक. "पावसाचं आहे," त्या म्हणायच्या. मी त्यांना दमट हवेत तांब्याची तार कशी कमजोर होते यावर सविस्तर व्याख्यान दिलं. जन्मभर दारूगोळा तपासलेल्या त्या बाई अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्ये एकदा म्हणाल्या, "असं होय?"

गणपती तोंडावर आले. एका मंडळाचा कार्यकर्ता घामाघूम होऊन रोषणाईचा कंट्रोलर घेऊन आला. गल्लीत सगळ्यांचे हात भरलेले होते, सगळ्यांनी त्याला परत पाठवलं होतं. वर्षभर मी अशा सर्किटला हात लावला नव्हता. "ठेव," मी म्हणालो. तो गेल्यावर मला धडकी भरली. हे जमलं नाही तर मंडपात अंधार आणि गल्लीत माझा कायमचा निकाल. दुपारभर बसलो. मान हलवायची, थांबायचं, टेकवायचं. चुकलं की बघायचं कुठे चुकलं. संध्याकाळी वायर जोडून बटण दाबलं आणि दुकानाच्या भिंतीवर टांगलेली माळ लाल, हिरवी, पिवळी अशी पळत सुटली. मी उठलो, शेजारी गेलो आणि कव्हरवाल्याला सांगितलं, दुकान द्यायचं नाही. तो म्हणाला, "बरं झालं काका. मलाच विचारताना कसंतरी होत होतं." सुनीताला फोन केला. म्हणाली, येताना पेढे आणा.

आपांना सांगायला मी रविवारची वाट बघितली नाही, दुसऱ्याच दिवशी मैदानावर गेलो. त्यांनी पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला आणि विचारलं, "पहिल्या फटक्यात?" मी म्हणालो, नाही, बरेच फसले. "मग ठीक," त्या म्हणाल्या. त्या दिवशी शेडमध्ये काच नव्हती. जमीनमालकाने जागा बिल्डरला दिली होती, मुखवटे आणि मार्कर एका दुसऱ्या मैदानाने उचलले होते, आणि आपा सोलापूरला बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. गुडघे आता बसच्या पायऱ्या चढत नाहीत, असं त्यांनी कारण दिलं. याच गुडघ्यांनी त्या माझ्या दुकानापर्यंत पावसाळाभर येत होत्या, ते मी बोललो नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या. या वेळी रिक्षाने. पिशवीतून एक मार्कर काढून ठेवला. "हा एक राहिलाय. त्यांना लागणार नाही म्हणाले. सावकाश करा, घाई नाही." मला खूप काही बोलायचं होतं. बसमध्ये, अंघोळ करताना मी ते जुळवूनही ठेवलं होतं. "आपा, तुम्ही नसतात तर," एवढंच बोललो. त्यांनी हात वर करून थांबवलं. "रिक्षा उभी आहे बाहेर. मीटर चालू आहे." पुण्यात वाढलेल्या माणसाला निरोप कसा आटोपता घ्यायचा ते बरोबर माहीत असतं. त्या गर्दीत रिक्षाकडे चालत गेल्या, सावकाश, मागे न बघता.

मार्कर मी सणाची कामं संपल्यावर उघडला. आत सगळ्यात बारीक तार तुटलेली होती, गोळी नळीत आली की नाही ते ओळखणाऱ्या सेन्सरची. केसाहून थोडी जाड. मी भिंग लावलं, मान हलवली, थांबलो, जोड घातला. पहिल्याच वेळी बसला. खुशीत मी काढून टाकलेला तारेचा तुकडा सहज भिंगाखाली धरला. तार हलून हलून तुटते तेव्हा ती जोडापाशी तुटते आणि टोकाला पिंजारते. हे टोक सपाट होतं. कटरने कापल्यासारखं. टेबलाखाली टाकाऊ तुकड्यांचा खोका असतो. मी तो ओतला आणि आपांच्या मार्करमधले तुकडे शोधायला लागलो. जाड लाल, मग चापाची निळी, मग त्याहून बारीक पांढरी. जोडाच्या काळजीत मी तुटलेल्या टोकाकडे कधी बघितलंच नव्हतं. सगळी टोकं सपाट होती.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. ज्या बाईने एक सदोष काडतूस कधी दाराबाहेर जाऊ दिलं नाही, जी वाकडी गोळी पोरांच्या हाती देत नव्हती, तिने घरी बसून स्वतःचे चांगले मार्कर एकामागून एक खराब केले होते. जाड तार आधी, बारीक नंतर, माझा हात बसेल तशी. आणि तो बिघाड पिशवीत घालून, गुडघे दुखत असताना, बसने माझ्यापर्यंत आणून दिला होता. ज्या डोळ्याला दिसत नाही त्यालाही पाणी येतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलं, आईवडिलांनी केलं, सुनीताने तर न बोलता केलं. पण माझी लाज राखून, मला कळूही न देता इतकं कुणी केलेलं मला माहीत नाही. त्या माउलीचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार आहे?

मी सोलापूरला फोन लावला. मागे बहिणीच्या घरातला टीव्ही मोठ्याने चालू होता.

"आपा, त्या शेवटच्या मार्करमधली तार तुटलेली नव्हती. कापलेली होती."

"बरं मग?"

"कटरने. अगदी सरळ."

"हात बरा आहे अजून माझा."

"आधीचे मार्करही सगळे तुम्हीच बिघडवलेत ना?"

पलीकडे त्यांनी कुणाला तरी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं.

"सगळे नाही," आपा म्हणाल्या. "पहिला खरंच बिघडला होता."